नोंदीतून कर्करोगाचा माग काढणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

बेंगळुरू, 29 ऑक्टोबर : गर्भाशयमुखाचा कर्करोग हा विषाणूमुळे होणारा, लशीने टाळता येणारा आणि वेळेवर तपासणी झाल्यास आरंभीच थोपवता येणारा आजार आहे, हे आज वैद्यकशास्त्र निःसंशयपणे सांगते. तरीही 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाचे कारण ठाऊक नव्हते, त्या काळात मुंबईतील एका विकृतिशास्त्रज्ञाने रुग्णालयाच्या नोंदी समोर ठेवून एक प्रश्न विचारला होता. एकाच शहरात राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांना निरनिराळे कर्करोग का होतात, हा तो प्रश्न. तो विचारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा आज स्मृतिदिन. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी झाला. वेंगुर्ल्याजवळील खानोली या गावाची खूण सांगणारे हे आडनाव मराठी वाचकांना साहित्यामुळे अधिक परिचित आहे. विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र ते वसंत रामजींमुळे जगभर पोहोचले. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी 1923 साली विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. त्या काळी परदेशी पदवी घेऊन परतलेला डॉक्टर सहसा खासगी व्यवसायाकडे वळत असे. खानोलकरांनी अध्यापनाची आणि प्रयोगशाळेची वाट धरली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि त्यानंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीराच्या ऊतींत आणि पेशींत होणाऱ्या बदलांचा अभ्यास. रुग्णाच्या शरीरातून काढलेला मांसाचा लहानसा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे अतिशय पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाचे निदान करायचे, असे हे काम आहे. हे काम करणारा डॉक्टर रुग्णाला क्वचितच दिसतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव घरोघरी होते, निदान करणारा मात्र पडद्याआड राहतो. या विद्येला भारतात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देण्यात खानोलकरांचा वाटा फार मोठा आहे. देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि तिचे पहिले अध्यक्षपदही भूषविले.

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. केवळ कर्करोगासाठी उभारलेल्या या रुग्णालयात प्रयोगशाळा आणि संशोधन यांची धुरा खानोलकरांकडे आली. भारतात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्य सुधारलेल्या देशांचा आजार आहे, असा समज त्या वेळी वैद्यकीय वर्तुळातही प्रचलित होता. टाटा रुग्णालयाचे दार उघडताच देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येऊ लागले आणि तो समज टिकणे अवघड झाले. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद होत होती. त्याचे वय, गाव, जात, धर्म, व्यवसाय, तंबाखूची सवय आणि रोगाची जागा या गोष्टी लिहून ठेवल्या जात. अशा नोंदी अनेक ठिकाणी कपाटात पडून राहतात; खानोलकरांनी त्यांचा संशोधनासाठी उपयोग केला.

या नोंदींनी पहिला प्रकाश टाकला तो तोंडाच्या कर्करोगावर. भारतीय रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कितीतरी अधिक असल्याचे त्यांनी 1944 च्या सुमारास जगापुढे मांडले. पाठोपाठ 1945 साली त्यांनी सहकारी डॉक्टरांसह आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या विशिष्ट सवयींशी निगडित असे कर्करोगाचे प्रकार त्यात वर्णन केले होते. चुन्यात मळलेली तंबाखू ओठाच्या आतल्या खोबणीत धरून ठेवणाऱ्यांना तेथेच होणारा कर्करोग, चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी काचत राहिल्याने तेथील त्वचेवर होणारा कर्करोग, हे ते प्रकार होत. रोग जेथे होतो, त्या जागेशी माणसाच्या दैनंदिन जगण्याचा संबंध जोडून पाहण्याची ही दृष्टी होती. 1955 साली डॉ. संघवी यांच्यासह केलेल्या अभ्यासात तंबाखूचे सेवन आणि तोंड, घसा व अन्ननलिकेचा कर्करोग यांतील नाते अधिक काटेकोर संख्याशास्त्रीय पद्धतीने मांडण्यात आले.

हीच दृष्टी त्यांनी स्त्रियांच्या कर्करोगाकडे वळवली. मुंबईच्या नोंदींत एक लक्षणीय भेद दिसत होता. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक. मुस्लिम स्त्रियांत तो हिंदू स्त्रियांपेक्षा कमी. हवा, पाणी आणि शहर एकच असताना हा फरक पडत होता. समाजांतील आनुवंशिक भिन्नता हे त्याचे कारण असावे का, हे तपासण्यासाठी खानोलकर आणि संघवी यांनी मुंबईतील अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांचा आणि अन्य आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला. मानववंशशास्त्राच्या दृष्टीनेही तो अभ्यास मोलाचा ठरला.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मात्र संशयाची सुई आनुवंशिकतेपेक्षा जीवनपद्धतीकडे वळत होती. लग्नाचे लहान वय, अनेक बाळंतपणे, गरिबी, स्वच्छतेच्या सोयींचा अभाव आणि पुरुषांतील सुंता अशी अनेक कारणे त्या काळातील संशोधक तपासत होते. या धाग्याला जुना इतिहास होता. इटलीतील व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासून रिगोनी-स्टर्न यांनी 1842 सालीच दाखवले होते की, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आणि जोगिणींत विरळा आढळतो. म्हणजे हा रोग शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एखाद्या घटकाशी निगडित असावा, असे अनुमान निघत होते. पण तो घटक कोणता, हे सांगण्याची साधने खानोलकरांच्या पिढीजवळ नव्हती. 1970 च्या दशकात नागीण कुळातील एका विषाणूवर संशय घेतला गेला आणि पुढे तो निराधार ठरला.

खानोलकरांच्या नोंदींना एक मर्यादा होती. रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून एखाद्या समाजात कोणता कर्करोग तुलनेने अधिक आहे, हे कळते. पण दर लाख स्त्रियांमागे किती जणींना तो होतो, हे कळत नाही. जी स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नाही, ती या हिशेबात येत नाही. गावातच, अंगावरचे पांढरे किंवा लाल जाणे लपवत मरण पावलेल्या असंख्य स्त्रियांची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. यासाठी संपूर्ण लोकसंख्येवर आधारित नोंदवही हवी होती. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली मुंबईत तशी नोंदवही सुरू केली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला आणि 1982 पासून मुंबई व मद्रासबरोबर बेंगळुरू शहरातही लोकसंख्येवर आधारित नोंदणी होऊ लागली.

बेंगळुरूचे या क्षेत्रातील स्थान तेव्हापासून मध्यवर्ती राहिले आहे. येथे 1973 साली स्थापन झालेल्या किडवाई स्मारक कर्करोग संस्थेत शहराची नोंदवही ठेवली जाऊ लागली. देशभरच्या नोंदवह्यांचा समन्वय साधणारी राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन संस्थाही याच शहरात आहे. ईशान्येपासून बार्शीपर्यंतच्या नोंदी येथे एकत्र येतात, पडताळल्या जातात आणि त्यांवरून देशाचे चित्र उभे राहते. बेंगळुरूच्या आरंभीच्या नोंदींत स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. पुढील दशकांत त्याचा दर घटत गेला आणि स्तनाचा कर्करोग पुढे आला. उशिरा होणारी लग्ने, कमी बाळंतपणे, शिक्षण आणि राहणीमानातील सुधारणा यांच्याशी या घटीचा संबंध जोडला जातो. परळच्या प्रयोगशाळेत एका शहरातील समाजांची तुलना करून सुरू झालेली विचारपद्धती अशा रीतीने राष्ट्रव्यापी झाली.

खानोलकरांनी ज्या घटकाची केवळ सावली पाहिली होती, तो त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी उजेडात आला. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाऊझेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार आणि पुढच्याच वर्षी 18 क्रमांकाचा प्रकार वेगळा केला. या शोधासाठी त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे आज दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि त्यांतील सुमारे चाळीस जननमार्गात आढळतात. 6 आणि 11 हे प्रकार जननेंद्रियांवर चामखिळी उठवतात, पण सहसा कर्करोग घडवत नाहीत. 16, 18, 31, 33, 45, 52, 58 यांसारखे प्रकार मात्र अधिक धोक्याचे मानले जातात. जगातील गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांमागे 16 आणि 18 हे दोनच प्रकार असतात. योनिमार्ग आणि बाह्य जननेंद्रिय यांच्या काही कर्कपूर्व विकृतींतही प्रामुख्याने 16 क्रमांकाचाच हात दिसतो.

या विषाणूचा संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे संसर्गावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी अनुमान काढणे अशास्त्रीय आहे. काही थोड्या स्त्रियांत अधिक धोक्याचा प्रकार ठाण मांडून बसतो. त्याची दोन प्रथिने पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या नैसर्गिक यंत्रणा निकामी करतात. मग गर्भाशयमुखाच्या आवरणातील पेशींचे रूप बदलू लागते. हे बदल आवरणाच्या खालच्या एकतृतीयांश भागापुरते असतील तर ती सौम्य, दोनतृतीयांशापर्यंत गेले तर मध्यम आणि त्याहून वर पोहोचले तर तीव्र कर्कपूर्व विकृती होय. सौम्य विकृती बहुधा आपोआप बरी होते. तीव्र विकृतीवर उपचार न झाल्यास तिचे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता मोठी असते. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासाला सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. तपासणी आणि उपचार यांसाठी निसर्गाने दिलेली एवढी मोठी मुदत फार थोड्या कर्करोगांत मिळते.

खानोलकरांचे कार्य एकाच रोगापुरते मर्यादित नव्हते. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेत मज्जातंतूंमध्ये काय घडते, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने केलेला अभ्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर नावाजला गेला. 1952 साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. रुग्णसेवेबरोबर मूलभूत संशोधन झाले नाही तर आपण कायम इतरांच्या ज्ञानावर अवलंबून राहू, ही त्यामागची त्यांची धारणा होती. जीवशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधनाची वाट धरली आणि या केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची शाखा विकसित केली. स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांवर त्यांनी उंदरांमध्ये केलेले काम भारतातील या विषयाच्या पायाभरणीत मोडते. याच केंद्रात 1958 साली कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एका जिवाणूची वाढ करण्यात आली. केंद्राच्या नावाच्या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो.

पुढे हे केंद्र आणि टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आले आणि 1966 साली दोहोंचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र आकारास आले. अणुस्फोटांच्या चाचण्यांनी जग धास्तावले असताना, किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत खानोलकरांनी भारताची बाजू सांभाळली. कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नेतृत्वही त्यांनी केले. केंद्र सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले आणि पद्मभूषण देऊन गौरविले. साठच्या दशकाच्या आरंभी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले. शंभरांहून अधिक शोधनिबंध हा त्यांच्या लेखणीचा वारसा आहे.

त्यांच्या पश्चात याच भूमीतून दोन मोठे अभ्यास उभे राहिले आणि जगाच्या आरोग्यधोरणावर त्यांचा ठसा उमटला. पहिला तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयोगटातील 1 लाख 31 हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा त्यात समावेश केला. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 64. एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांतला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग ओळखण्याची पद्धत तेथे वापरली गेली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण 31 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तुलनेसाठी निवडलेल्या गटांतील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, याबद्दल या अभ्यासांवर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. ज्ञानाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्यातून वैद्यकविश्वापुढे उभा राहिला.

ज्ञान हाती आले, पण त्याचा लाभ अद्याप पोहोचलेला नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 30 ते 49 वयोगटातील केवळ 1.9 टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेतली होती. उरलेल्यांपर्यंत ना तपासणी पोहोचली, ना तिची माहिती. संकोच, घरकामाचा रेटा, दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला ही समजूत आणि गावाजवळ सोय नसणे ही त्याची कारणे सर्वांना परिचित आहेत. कर्कपूर्व विकृती दुखत नाही, हीच तिची खरी घातकता आहे. शरीरसंबंधानंतर किंवा पाळी थांबल्यानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, कमरेत सतत दुखणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बहुधा रोग पुढे सरकलेला असतो. म्हणून 30 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीने कोणताही त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. विकृती आढळली तर ती गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढून टाकता येते. बहुतेक वेळा गर्भाशय काढण्याची वेळ येत नाही.

लशीमुळे या लढ्याला नवे बळ मिळाले आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या, विषाणूच्या 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या भारतीय लशीला 2022 साली मान्यता मिळाली. संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे 9 ते 14 या वयात ती दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे योग्य वयात तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण विषाणूचे सर्वच धोकादायक प्रकार लशीत समाविष्ट नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंतचे लक्ष्य 2020 सालीच ठरवून दिले आहे. त्यानुसार 90 टक्के मुलींना पंधरा वर्षांच्या आत लस, 70 टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी विषाणूचाचणी, आणि विकृती किंवा रोग आढळलेल्या 90 टक्के स्त्रियांवर उपचार व्हायला हवेत.

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन संकुल आहे. त्यातील प्रयोगशाळांच्या इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या नावाने व्याख्यानेही होतात. तथापि या संशोधकाचे कार्य जिवंत आहे ते प्रामुख्याने त्याने घालून दिलेल्या पद्धतीत. प्रत्येक रुग्णाची नोंद नीट ठेवावी, नोंदींची तुलना करावी, तुलनेतून प्रश्न काढावा आणि प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत घाईने निष्कर्ष काढू नये, अशी ती पद्धत आहे. बेंगळुरूत जमा होणाऱ्या नोंदींमागे हीच शिस्त आहे. त्या नोंदींतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आकडा यापुढे किती वेगाने खाली येतो, हे मात्र प्रयोगशाळेबाहेर, प्रत्येक घरातील आई आणि मुलगी तपासणी व लसीकरणाच्या केंद्रापर्यंत पोहोचते की नाही, यावरच ठरणार आहे.